वरंधा, आंबेनळी, पसरणी: बाइकवरचा गट तीन घाटांतून कसा न्यावा

पुणे, भोर, वरंधा घाट, पाचाड, रायगड, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, प्रतापगड, महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी घाट, वाई आणि परत पुणे. आतले फाटे धरून साधारण ४०० किलोमीटर होतात. पहाटे निघून रात्री घरी, असा हा फेरा एका दिवसात करणारे पुष्कळ आहेत. मी गट घेऊन जातो तेव्हा चार दिवस घेतो आणि कुणी कितीही आग्रह केला तरी तीनवर येत नाही.

त्याचं कारण एका नियमात आहे: एका दिवसाला एकच घाट, तोही दुपारच्या जेवणाआधी. ऊन कलल्यावर गाडी उभी आणि गाव पायी. सकाळी नजर ताजी असते, ब्रेक थंड असतात, घाटात गर्दी कमी असते. आणि ज्या गावांसाठी एवढं जायचं, त्या गावांना दमलेली माणसं न्यायची नसतात. पुढचं सगळं नियोजन याच नियमावर उभं आहे.

कधी निघायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. पावसाळ्यात हा फेरा गट घेऊन करूच नका. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सगळा याच डोंगरउतारांवरून खाली येतो. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. वरंधा घाट पावसाळ्यात प्रशासन वरचेवर बंद ठेवतं, आंबेनळीतही दरडी येतात. ऑक्टोबरमध्ये हिरवळ असते खरी, पण पावसाने उखडलेला रस्ता आणि कडेला साचलेली बारीक खडी नवख्याला पाडते. निघण्याच्या आदल्या आठवड्यात रायगड, पुणे आणि सातारा जिल्हा प्रशासनाचे घाटांबद्दलचे आदेश बघा. वरंध्यात रस्त्याचं काम चालू असेल तर वेळा त्याप्रमाणे बदला.

काही तारखा टाळा. ६ जूनच्या आसपास रायगडावर शिवराज्याभिषेकासाठी आणि २० मार्चच्या आसपास महाडला चवदार तळ्यावर हजारो माणसं येतात. त्या दिवसांत तिथे जायचं असेल तर त्या कार्यक्रमासाठीच जावं, बाइकचा गट घेऊन रस्ता अडवू नये. नाताळच्या आठवड्यात महाबळेश्वरला गाडी लावायलाही जागा नसते.

माणसं आणि गाड्या

आठ गाड्या, त्याहून जास्त नाही. त्यातली पहिली तुमची आणि शेवटची तुमच्याइतक्याच मुरलेल्या माणसाची. पुढच्याला आपण ‘लीड’ म्हणतो, शेवटच्याला ‘स्वीप’. लीड एक वेळ साधारण असला तरी चालेल, स्वीप मात्र उत्तम हवा. पंक्चर काढणारा, पडलेल्याला उठवणारा, घाबरलेल्याशी शांतपणे बोलणारा तोच असतो. मी आधी स्वीप ठरवतो, मग तारीख.

गाडी कितीची आहे याला फार महत्त्व देऊ नका. शंभर-सव्वाशे सीसीची, नीट निगा राखलेली गाडी हे तिन्ही घाट आरामात चढते. बघायचं ते टायर, ब्रेक आणि चेन. टायरची नक्षी गुळगुळीत झाली असेल तर माणसाला परत पाठवा, वाईट वाटलं तरी. ब्रेक शू किंवा पॅड अर्ध्याहून जास्त झिजले असतील तर ते आधी बदलून घ्यायला लावा. डिस्क ब्रेकचं तेल दोन वर्षांत बदललं नसेल तर तेही बदला. हे तेल हवेतली ओल शोषतं आणि ओल धरलेलं तेल घाटाच्या उतारावर तापून उकळतं. ही तपासणी निघायच्या चार दिवस आधी करायची. निघायच्या सकाळी दोष सापडून उपयोग नसतो.

कुणी भाड्याने गाडी घेत असेल तर नंबरप्लेट बघायला सांगा. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या अधिकृत गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि काही झालं, तर विम्याच्या वेळी अडचण होते.

हेल्मेट दोघांनाही, आयएसआय खुणेचं, पट्टा लावलेलं. मागे बसणाऱ्यालासुद्धा पूर्ण बोटांचे हातमोजे आणि घोट्यावर जाणारे बूट. प्रत्येकाचा रक्तगट आणि घरच्या एका माणसाचा नंबर एका कागदावर लिहून त्याच्या दोन प्रती करा, एक लीडकडे, एक स्वीपकडे. फोनवर ठेवून भागत नाही, घाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. रेंज असेल तिथे रुग्णवाहिकेला १०८, बाकी कुठल्याही आणीबाणीला ११२. स्वीपच्या पिशवीत पंक्चरचं सामान, हवा भरायचा पंप, क्लचची जादा केबल, फ्यूज, स्पार्क प्लग, तार, पक्कड आणि प्रथमोपचाराची पेटी.

पेट्रोलचा हिशोब सोपा आहे. लिटरला ३५ ते ४० किलोमीटर धरले तर चार दिवसांत १० ते १२ लिटर. भोरला सगळ्यांनी टाकी भरायची आणि मग थेट महाडपर्यंत कुठल्याही पंपावर भरवसा ठेवायचा नाही.

गट चालतो कसा

एकदा पोलादपूरला आमचा एक माणूस हरवला. महाडहून येताना महाबळेश्वरसाठी तिथे डावीकडे वळायचं असतं. तो मधे एका ट्रकच्या मागे अडकला, वळलेल्या गाड्या त्याला दिसल्या नाहीत आणि तो मुंबई-गोवा महामार्गाने सरळ कशेडी घाटात गेला. आम्ही दीड तास रस्त्याच्या कडेला उभे होतो. त्याची बायको मागे बसली होती, फोन लागत नव्हता. त्या दीड तासात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते इथे लिहीत नाही. त्या दिवसापासून मी फाट्यावर माणूस ठेवल्याशिवाय गट हलवत नाही.

पद्धत अशी. फाटा आला की लीड वळण्याआधी आपल्या मागच्या पहिल्या गाडीला हाताने जागा दाखवतो. ती गाडी तिथेच, येणाऱ्यांना लांबून दिसेल अशी, रस्त्याच्या बाहेर उभी राहते आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला वळण दाखवते. स्वीप दिसला की ती निघते आणि स्वीपच्या पुढे लागते. पुढच्या फाट्यावर आता लीडच्या मागे जो असेल तो थांबतो. म्हणजे प्रत्येकाला आळीपाळीने काम येतं आणि कुणालाही पुढच्याच्या मागच्या दिव्याला चिकटून पळावं लागत नाही. यातला एकच नियम मोडायचा नाही: स्वीप आल्याशिवाय फाटा सोडायचा नाही. दहा मिनिटं झाली तरी, ऊन लागलं तरी, लघवीला जायचं असलं तरी.

या पद्धतीचा खरा फायदा मंद चालवणाऱ्याला होतो. त्याला माहीत असतं की आपल्यासाठी फाट्यावर कुणीतरी उभं आहे, म्हणून तो जोर करत नाही. घाटात पडतात ते बहुतेक असा जोर करणारेच.

महामार्गावर गाड्या एकाआड एक डाव्या-उजव्या चालतील, पुढच्यापासून किमान दोन सेकंदांच्या अंतरावर. घाट लागला की एकेरी रांग आणि अंतर दुप्पट. आपापसात ओव्हरटेक बंद.

पहिला दिवस: भोर आणि वरंधा

पुण्यातून गट करून निघू नका. शहराच्या गर्दीत आठ गाड्या एकत्र ठेवणं अशक्य असतं आणि सुरुवातीलाच सगळ्यांचे जीव दमतात. प्रत्येकाने आपापलं सातारा रस्त्याने कापूरहोळला यावं, सकाळी सातला. तिथे नाश्ता आणि दहा मिनिटांचं बोलणं: हातांच्या खुणा, फाट्याची पद्धत, आणि ज्याला भीती वाटते त्याने ती आत्ताच सांगावी ही विनंती. तिथून उजवीकडे भोर.

भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचं गाव. राजवाडा बाहेरून तरी सावकाश बघा. लाकडी खांब आणि चौक आत आहेत, पण चित्रीकरण चालू असलं तर आत सोडत नाहीत. नंतर नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेने रस्ता जातो. इथे सगळ्यांचा हात मोकळा होतो, आणि म्हणूनच पुढे थांबायचं असतं.

सह्याद्री पूर्वेकडून हळूहळू चढतो आणि पश्चिमेला एकदम तुटतो. भोरकडून येणाऱ्याला घाट चढल्यासारखा वाटतच नाही. वाघजाईच्या देवळापाशी पोचल्यावर कळतं की पुढे कोकण सरळ खाली आहे. तिथे चहा आणि गरम भजी मिळतात, माकडं खूप आहेत, तेव्हा टाकीवरच्या पिशवीत खायचं ठेवू नका. चहा झाल्यावर मी सगळ्यांना कठड्याजवळ नेतो, खालचा रस्ता बोटाने दाखवतो आणि उतरायचं कसं ते सांगतो.

ज्या गिअरमध्ये हा रस्ता चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे बहुतेक वेळ दुसरा, फार तर तिसरा. गाडी इंजिनाने धरायची, ब्रेक फक्त वळणाआधी, दोन्ही मिळून, थोडा वेळ दाबून सोडायचे. वळणात ब्रेक नाही, क्लच नाही. न्यूट्रल तर कधीच नाही. पेट्रोल वाचवायला म्हणून लोक करतात, आणि मग गाडीला धरणारं ब्रेकशिवाय दुसरं काहीच उरत नाही. नजर पुढच्या चाकावर नको, जिथे जायचं तिथे हवी. नागमोडी वळणावर मान वळवून रस्त्याचं दुसरं टोक शोधा, गाडी तिकडे जाते.

एसटी समोरून आली तर आधी थांबा. लांब गाडीला हेअरपिनवर पूर्ण रस्ता लागतो आणि तिचा मागचा भाग बाहेर झेपावतो. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट, हा नुसता शिष्टाचार नाही, कायद्यातही आहे. उतरणारे आपण, तेव्हा बाजूला होणारेही आपणच. आंधळ्या वळणावर एक लांब हॉर्न द्या आणि उत्तर येतंय का ते ऐका. कानात गाणी नकोत ती यासाठी.

खाली उतरल्यावर वेळ असेल तर शिवथरघळीचा फाटा घ्या. समर्थ रामदासांच्या वास्तव्याची ही जागा थंड आणि शांत आहे. उशीर झाला असेल तर सोडा. महाडला जेवून पाचाडला चारच्या आत पोचणं जास्त महत्त्वाचं. पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. ६ जून १६७४ ला त्यांनी मुलाचा राज्याभिषेक पाहिला आणि १७ जूनला त्या इथे गेल्या. संध्याकाळी समाधीपाशी चालत जा, गाड्या मुक्कामालाच राहू द्या. मुक्काम घरगुती ठिकाणी सांगितला तर रात्री तांदळाची भाकरी आणि पिठलं मिळतं.

दुसरा दिवस: रायगड आणि महाड

आज गाडी फक्त पंचवीस-तीस किलोमीटर. पहिल्या दिवसाच्या उताराने मनगटं आणि मान दुखत असतात, त्यांना विश्रांती मिळते. ज्यांना पायऱ्या झेपतील त्यांनी साडेसहाला चढायला लागावं, बाकीच्यांना रोपवे आहे. जुलै २०२५ मध्ये रायगड आणि प्रतापगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी गर्दी वाढली आहे. शक्यतो मधला वार पकडा.

गडावर माहितगार माणूस घ्या, घाई करू नका. महादरवाजा, बाजारपेठ, राजसदर हे सगळे दाखवतातच. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीपाशी मात्र मी गटाला खाली बसवतो. त्या दगडावर कोरलंय: ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर’. गड बांधणाऱ्या माणसाने आपलं नाव पायरीवर घातलं, देवळात जाणाऱ्याचे पाय पडतील अशा जागी. अक्षरं झिजली आहेत, सकाळचं तिरकं ऊन असेल तरच नीट वाचता येतात. बोट फिरवून एकेक अक्षर लावायला पाच मिनिटं लागतात. तेवढी द्या. तिथून समाधी जवळच आहे.

दुपारी खाली उतरून जेवण, मग महाड. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतलं आणि त्यांच्यामागून हजारो माणसांनी. त्याच वर्षी २५ डिसेंबरला इथे मनुस्मृतीचं दहन झालं. तळं भर वस्तीत आहे. गाड्या लांब लावा, इंजिन बंद, हेल्मेट हातात. संध्याकाळी तळ्याच्या काठावर बसायला जागा असते. वेळ उरला तर महामार्गालगतची गांधारपाले लेणी आहेत. मुक्काम महाडला.

तिसरा दिवस: आंबेनळी, प्रतापगड, महाबळेश्वर

सहाला निघा. महाड-पोलादपूर अठरा किलोमीटरचा महामार्ग, मोठ्या गाड्यांचा. पोलादपूरच्या फाट्यावर माणूस ठेवायला विसरू नका. जवळच उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, पण तो रस्ता वेगळा आहे आणि आज घाट आधी.

आंबेनळी चढायचा आहे, त्यामुळे ब्रेकपेक्षा क्लच सांभाळावा लागतो. हेअरपिनच्या आधीच गिअर खाली घ्या. वळणात गाडी दम टाकायला लागल्यावर गिअर बदलायला गेलात तर गाडी बंद पडते आणि उतारावर मागे सरकते. तशी वेळ आलीच तर दोन्ही ब्रेक धरा, पहिला टाका, उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवून हळू क्लच सोडा. झाडीच्या सावलीत रस्ता सकाळी ओलसर असतो आणि कडेला शेवाळ असतं, तेव्हा अगदी डावीकडे चिकटू नका. दरीच्या बाजूला फोटोसाठी थांबायचं नाही. २०१८ च्या जुलैमध्ये याच घाटात एक पूर्ण बस दरीत गेली होती. कठडा पुष्कळ ठिकाणी नावापुरताच आहे.

प्रतापगडाचा फाटा घाटाच्या वरच्या अंगाला लागतो. १० नोव्हेंबर १६५९ ची अफझलखानाची भेट गडाच्या पायथ्याशी झाली. हा गड बघायचा तो तुम्ही आत्ता ज्या जंगलातून चढून आलात ते लक्षात ठेवून. मोठं सैन्य घेऊन जावळीत शिरणं म्हणजे काय, हे दुचाकीवरून चढलेल्याला गाडीच्या काचेआडून आलेल्यापेक्षा जास्त कळतं. भवानीचं दर्शन घेऊन दुपारी महाबळेश्वर गाठा.

मुक्काम बाजारपेठेऐवजी क्षेत्र महाबळेश्वरला, म्हणजे जुन्या महाबळेश्वरला करा. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री इथे उगम पावतात अशी श्रद्धा आहे. सावित्री पश्चिमेला उतरते आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळते, म्हणजे काल रात्री तुम्ही तिच्याच काठी झोपलात. कृष्णा पूर्वेला वाईवरून थेट बंगालच्या उपसागराला जाते, आणि उद्या तुम्ही तिच्यासोबत उतरणार आहात. मी हे गटाला आधी सांगत नाही. गोमुखापाशी हात ओला झाल्यावरच सांगतो.

संध्याकाळी धुकं उतरतं. अंधारात आणि धुक्यात गाडी काढू नका. काढावीच लागली तर दिवा खालच्या झोतावर ठेवा, वरचा झोत धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो.

चौथा दिवस: पसरणी, वाई, घर

पाचगणी लवकर ओलांडा. पसरणी रस्ता रुंद आणि चांगला आहे, म्हणूनच इथे जपायचं. चौथ्या दिवशी माणूस सरावलेला असतो. एकदा इथेच अर्ध्या घाटात मला जळका वास आला. पुढच्या गाडीवर दोघं आणि सामान होतं, मागचा ब्रेक ड्रमचा, आणि चालवणारा वरपासून त्याच्यावर पाय ठेवून आला होता. थांबवलं तेव्हा हबमधून धूर येत होता. पेडल खालपर्यंत जात होतं, गाडी थांबत नव्हती. त्याने ती शेवटी पहिल्या गिअरवर आणि कडेच्या मातीवर थांबवली. ब्रेकचं अस्तर अति तापलं की घर्षण कमी होतं आणि पकड जाते. अशा वेळी पाणी ओतायचं नाही, तापलेला ड्रम तडकू शकतो. अर्धा तास थांबायचं, सामान दुसऱ्या गाडीवर घ्यायचं, मागे बसलेल्याला दुसऱ्याच्या मागे बसवायचं आणि पुढे दुसऱ्या गिअरमध्येच उतरायचं. वरंध्याला सांगितलेलं सगळं म्हणूनच मी पसरणीच्या माथ्यावर पुन्हा एकदा सांगतो.

वाईला कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपती आहे, १७६२ मध्ये गणपतराव रास्ते यांनी बांधलेला. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी याच गावातून उभं केलं. तिथून तीन किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि नदीकाठी देवळापुढे टांगलेली मोठी पोर्तुगीज घंटा, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हाची. वाड्यानंतर घाटाच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसा. जेवण वाईत.

सुरूर फाट्याला महामार्ग लागतो, तिथे गट मोडा. शेवटच्या सत्तर-ऐंशी किलोमीटरला रांग धरून चालण्याचा आग्रह धरू नका, प्रत्येकाने आपल्या वेगाने जावं. खंबाटकीला पुण्याकडे येताना बोगदा आहे: आत शिरण्याआधी काळा चष्मा काढा, दिवा लावा. सुरूरलाच प्रत्येकाला सांगा की घरी पोचल्यावर स्वीपला फोन करायचा, संदेश नाही, फोन. सगळ्यांचे फोन आले की स्वीप तुम्हाला कळवतो. तोपर्यंत बूट काढू नका, कारण एखाद्याला आणायला परत निघावं लागू शकतं.